लटकी मारामारी आणि खरी जखम

मुलुंडला आमच्या ओळखीची एक तीन मजली इमारत आहे. किंवा 'होती' असेंच म्हणावयास हवें, कारण हा लेख वाचकांच्या हातीं पडेपर्यंत ती बहुधा जमीनदोस्त झालेली असेल. पुनर्विकासाच्या करारावर सह्या होऊन सारीं बिऱ्हाडें भाड्याच्या घरांत गेलीं, दारें, खिडक्या व जिन्याचे लोखंडी कठडे भंगारवाल्यानें काढून नेले, आणि मग चार-पांच महिने ती तशीच उघडी-बोडकी उभी राहिली. अशा रिकाम्या इमारतींवर हल्लीं उपनगरांत दोन प्रकारच्या लोकांचा डोळा असतो. एक चोरांचा व दुसरा चित्रपट काढणाऱ्या विद्यार्थ्यांचा. आमचा भाचा या दुसऱ्या वर्गांतला. तो ज्या महाविद्यालयांत शिकतो तेथें शेवटच्या वर्षीं प्रत्येक गटानें दहा मिनिटांच्या आंतला एक लघुपट करून दाखवावयाचा असतो. इतर गटांनीं वृद्धाश्रम, पाऊस, लोकलमधील पहिली भेट असे विषय घेतले. या मंडळींनीं मारामारी घेतली. एका तरुणाच्या पाठीमागें चार गुंड लागतात, तो पडक्या इमारतींत शिरतो, तेथें मजल्यामजल्यावर झुंज होते व शेवटीं तो गच्चीवर पोहोंचतो, एवढेंच कथानक. जागा मिळवून देण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि तें आम्हीं मोठ्या हौसेनें केलें. ही गोष्ट आरंभींच सांगून ठेवतों, कारण पुढें जो प्रश्न मांडावयाचा आहे त्यांत आम्ही तिऱ्हाईत नाहीं.

तो प्रश्न असा. चित्रणाच्या तिसऱ्या दिवशीं जिन्यावरून पडण्याचें काम ज्या मुलाकडे होतें तो खरोखरच पडला व त्याचें मनगट मोडलें. पडतांना त्याच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती यंत्रानें टिपली. साऱ्या लघुपटांत त्याहून चांगला क्षण दुसरा नाहीं. तो ठेवावा, कीं काढून टाकावा? प्रश्न लहान आहे. एका वर्गापुढें दाखवावयाच्या नऊ मिनिटांच्या चित्रांतील तीन सेकंदांचा आहे. पण त्यानें आमच्या घरांत जवळजवळ महिनाभर वाद चालविला, आणि तो अजून आमच्या मनांतून गेलेला नाहीं.

पडद्यावरची मारामारी म्हणजे काय, हें त्या तीन दिवसांत आम्हांला प्रथमच जवळून पाहावयास मिळालें. मारणाऱ्याची मूठ मार खाणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावरून जाते; कॅमेरा अशा कोनांत ठेवतात कीं तें वीतभर अंतर डोळ्यांस दिसूं नये. लांब पल्ल्याचें भिंग लावलें तर तें आणखीच आक्रसतें. ठोशाचा आवाज मागाहून भरतात. कोणी ओलें फडकें चामड्याच्या पिशवीवर आपटतो, कोणी कोबीचा गड्डा फोडतो. एका सेकंदास २४ चित्रें, त्यांतलीं ठोशाच्या नेमक्या ठिकाणचीं दोन-तीन संकलनांत गाळलीं म्हणजे ठोसा अधिक जोराचा भासतो. हें सारें आम्हीं कौतुकानें ऐकलें. परंतु खरी मेख निराळीच होती, व ती आम्हांस कोणी सांगितली नाहीं, पाहतां पाहतां उमगली. मूठ कितीहि वेगानें आली तरी जोंवर समोरच्याची मान नेमक्या क्षणीं फिरत नाहीं, त्याचा तोल जात नाहीं, तो भिंतीवर जाऊन आदळत नाहीं, तोंवर तो ठोसा म्हणजे हवेंत फिरविलेला हात. ठोसा घडतो तो मार खाणाराच्या अंगांत. नायकाचा पराक्रम गुंडाच्या पडण्यांतून जन्माला येतो, आणि जो चांगला पडतो त्याचा चेहरा प्रेक्षकांच्या लक्षांतहि राहत नाहीं.

भरताच्या नाट्यशास्त्रांत रंगभूमीवर शस्त्र प्रत्यक्ष चालवूं नये, प्रहाराचा केवळ अभिनय करावा, असें सांगितलें आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकांत प्रत्यक्ष दाखवूं नयेत असाहि दंडक आहे. जड अलंकारांनीं नटास श्रम होतात, म्हणून ते हलक्या पदार्थांचे करावे, ही सूचनाहि त्याच ग्रंथांत येते. या नियमांचा अर्थ आम्ही आजवर केवळ औचित्याच्या अंगानें लावीत आलों. शिष्ट प्रेक्षकांस रक्तपात रुचत नाहीं, एवढेंच त्यामागें असावें अशी आमची समजूत होती. जिन्याखालीं तीन दिवस उभे राहिल्यावर वाटूं लागलें कीं हे नियम लिहिणारानें नटाचा घाम फार जवळून पाहिलेला असला पाहिजे.

आमच्याकडे या कलेस प्रतिष्ठा कधींच मिळाली नाहीं. 'स्टंटपट' हा शब्द आमच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडीं नेहमीं नाक मुरडूनच येई. १९३५ सालच्या 'हंटरवाली'ची नादिया धांवत्या गाडीवर चढे, उंचावरून उड्या टाकी, आणि तें सारें स्वतः करी. पण तिचें कौतुक पिटांतल्या प्रेक्षकांनीं करावें, सुशिक्षितांनीं नव्हे, असा संकेत होता. पुढें ताऱ्यांचें मोल वाढलें तशी त्यांच्याऐवजीं पडणारीं माणसें निराळीं झालीं. 'शोले' (१९७५) पाहून टांगा हांकणारी बसंती कोणास आठवत नाहीं? पण त्या टांग्याच्या पाठलागांतलीं धोक्याचीं दृश्यें हेमामालिनीऐवजीं रेश्मा पठाण या बाईंनीं केलीं, हें कित्येकांस पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें. अंग एकाचें व नांव दुसऱ्याचें, हा या धंद्यांतला जुना रिवाज आहे. धंद्यांत निदान त्या अंगाचे पैसे तरी मिळतात.

विद्यार्थ्यांच्या चित्रपटांत पैसा नसतो. म्हणून तेथें ज्याच्याजवळ जें असेल तें त्यानें आणावें, असा न्याय चालतो. एका मुलाच्या वडिलांनीं त्याला कॅमेरा घेऊन दिला होता. अर्थातच नायकाचें काम त्याच्याकडे गेलें. एका मुलीनें घरची मोटर आणली. अंधेरीच्या पश्चिमेस गल्लोगल्लीं दिवे, भिंगें, तिपाया रोजच्या भाड्यानें मिळतात. तें भाडें दोघांनीं वांटून दिलें. भाच्यानें मामाची ओळख आणली. आणि घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरील चाळींत राहणारा एक मुलगा होता, त्याच्याजवळ यांतलें कांहींच नव्हतें. त्यानें आपलें अंग आणलें. तो गोविंदाच्या पथकांत सहाव्या थरापर्यंत चढलेला. पडण्याची त्याला संवय, किंबहुना पडण्याचा अभिमान. "काका, मला लागत नाही," असें तो आम्हांला पहिल्याच दिवशीं म्हणाला, आणि आम्हीं तें खरें मानलें. आतां विचार करतां वाटतें, ज्याच्याजवळ देण्यासारखें दुसरें कांहीं नाहीं त्याच्या तोंडचें असें वाक्य आम्हीं इतक्या सहज कां मानावें? २०२२ सालीं राज्य सरकारनें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याचें जाहीर केलें व मेलेल्या-जखमी झालेल्या गोविंदांसाठीं भरपाईच्या रकमाहि ठरविल्या. तोच मुलगा थरावरून पडता तर त्याच्या पाठीशीं सरकार होतें. जिन्यावरून पडला तेव्हां त्याच्या पाठीशीं आम्ही होतों.

पहिला दिवस मात्र सारा गमतींत गेला. घाटकोपरच्या एका गल्लींत पाठलागाचें चित्रण चाललें असतां खेळण्यांतलें पिस्तूल पाहून कोणीतरी पोलिसांस फोन केला व दोन शिपाई येऊन उभे राहिले. रस्त्यावर चित्रण करावयाचें तर महानगरपालिकेचा व पोलिसांचा परवाना लागतो, हें मुलांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. गल्ली लहान आहे, कोण विचारतो, असें त्यांस वाटलें होतें. पिस्तूल प्लास्टिकचें आहे हें दाखविल्यावर शिपाई हंसले, दटावून गेले. त्या वेळीं आम्हीं मुलांस दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्रा'च्या बाह्यचित्रणासाठीं फाळक्यांनीं आपली मंडळी पुढें वांगणीस पाठविली. ढाली-तरवारी घेतलेले हे लोक गावांत उतरलेले पाहून दरोडेखोरच आले असें गावकऱ्यांस वाटलें, आणि फौजदारानें सर्वांस अडकवून ठेवलें. मागाहून फाळके आले, त्यांनीं यंत्र उघडून चित्रण कसें करतात तें दाखविलें, तेव्हां कोठें सुटका झाली, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलें या गोष्टीवर फार खूष झालीं. आपण एका थोर परंपरेंत बसलों असें त्यांस वाटलें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसहि तसेंच वाटलें.

तिसऱ्या दिवशीं जिन्याचें दृश्य होतें. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येणाऱ्या त्या दहा-बारा पायऱ्या. कठडा भंगारांत गेलेला. खालच्या चौकांत दोन जुन्या गाद्या टाकल्या होत्या व त्यांवर गोणपाट पसरलें होतें. नायकानें छातीवर लाथ मारावयाची, म्हणजे मारल्यासारखें करावयाचें, आणि असल्फ्याच्या मुलानें चार पायऱ्या गडगडत गादीवर यावयाचें. पहिल्या तीन वेळां तो बिनचूक पडला. पण भाचा प्रत्येक वेळीं छोट्या पडद्यावर पाहून मान हालवी. पडणें फार सफाईचें होतें, पाठ केल्यासारखें दिसत होतें. "अजून एकदा, फक्त एकदा," असें तो म्हणाला. मुलगा आपण होऊन दोन पायऱ्या वर जाऊन उभा राहिला. त्याला कोणीं 'वर जा' म्हटलें नाहीं. 'वर जाऊं नको' असेंहि कोणीं म्हटलें नाहीं. लाथ आली, तो मागें गेला, गादी घसरली, आणि त्या रिकाम्या जिन्यांत ती किंकाळी उठली.

पहिल्या क्षणीं आम्ही काय केलें तें लिहावयास जड जातें. आम्ही 'वा!' म्हणालों. मोठ्यानें नव्हे, पण म्हणालों. इतका वेळ खोटा वाटणारा अभिनय एकदाचा खरा उतरला, या आनंदानें तो उद्गार निघून गेला. भाच्याचे डोळे त्या क्षणीं मित्राकडे नव्हते, पडद्याकडे होते. हें आम्हीं पाहिलें, व त्याबद्दल त्यास मागाहून पुष्कळ बोललों. आपल्या 'वा'बद्दल मात्र कोणापाशीं बोललों नाहीं. कॅमेरा धरणाऱ्या मुलीचा हात तसाच राहिला. पुढचे सात-आठ सेकंद चित्र चालूच आहे. त्यांत प्रथम भाचा व मग आम्ही धांवत येतांना दिसतों. तेवढ्या वेळांत सारें उलटून गेलेलें आहे.

मनगटाचें हाड दोन ठिकाणीं मोडलें होतें. सहा आठवडे प्लॅस्टर. इस्पितळाचा खर्च आम्ही व मोटरवाल्या मुलीचे वडील यांनीं मिळून केला. त्यांतहि आम्हांस एक प्रकारची सुटका वाटली, जणूं कांहीं पावती मिळाली. मुलाची आई संध्याकाळीं आली. ती रागावली नाहीं. तिनें दोनच गोष्टी विचारल्या. खालीं धरायला कोणी उभें होतें कां, आणि आतां हें सगळ्यांना दाखविणार कां. पहिल्या प्रश्नास उत्तर नव्हतें. दुसऱ्याचें उत्तर भाच्यानें दिलें नाहीं, यावरून त्याच्या मनांत तें दाखवावयाचें आहे हें आम्हीं ओळखलें.

येथून वादास सुरवात झाली. भाच्याचें म्हणणें सरळ होतें. पडणें झालें तें झालें. तें कोणीं मुद्दाम घडविलें नाहीं. आतां तीन खोटीं पडणीं व एक खरें पडणें पुढ्यांत आहे, तर खरें टाकून खोटें घ्यावें यांत कसली नीति? फेंकून दिल्यानें मनगट जुळून येणार आहे कां? उलट तें वापरलें नाहीं तर मित्राचें दुखणें फुकट गेलें असें होईल. आणि सर्वांत मोठी गोष्ट, स्वतः त्या मित्राचीच हरकत नव्हती. प्लॅस्टरांतला हात गळ्यांत अडकवून तो आमच्या घरीं आला होता. "ठेव रे," तो म्हणाला, "तीन दिवसांत माझं एवढंच काम चांगलं झालंय."

संमति असली म्हणजे प्रश्न मिटला, असें मानण्याकडे हल्लीं कल फार आहे. कागदावर सही घ्यावी कीं झालें. पण ही संमति कसली, याचा विचार आम्ही करूं लागलों तसे अधिकाधिक गोंधळांत पडलों. त्या मुलानें गटांत काय आणलें होतें? अंग. त्या अंगाचें सर्वांत मोठें देणें म्हणजे तें पडणें. तें काढून टाकलें तर चित्रांत त्याचें म्हणून कांहींच उरत नाहीं. ठेवलें तर त्याचें कळवळणें चार लोकांच्या टाळ्यांसाठीं खर्चीं पडतें. अशा पेंचांत सांपडलेल्या माणसाच्या होकारांत अभिमान किती, भीड किती, आणि मित्रांच्या मेळ्यांतून बाहेर पडण्याचें भय किती, हें त्याला स्वतःलाहि सांगतां आलें नसतें. शिवाय होकार मागितला तो जखम झाल्यावर. आधीं कोणीं विचारलें होतें?

वांगणीची गोष्ट आम्हीं मुलांस अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी आतां रात्रीं आठवूं लागली. 'राजा हरिश्चंद्रां'त रोहिदासाचें काम फाळक्यांचा लहान मुलगा भालचंद्र यानें केलें. चित्रणाच्या दिवसांत तो खेळतांना दगडावर पडला, डोक्यास खोंक पडली व बेशुद्ध झाला. काम थांबवावें असें मंडळींचें म्हणणें पडलें. पण रोहिदासाचें प्रेत सरणावर ठेवल्याचें दृश्य घ्यावयाचें राहिलें होतें, आणि मुलगा बरा होईपर्यंत थांबणें परवडणारें नव्हतें. म्हणून फाळक्यांनीं त्या बेशुद्ध मुलावरच तें दृश्य उरकून घेतलें, असें सांगतात. ही गोष्ट आम्हीं लहानपणापासून ध्येयनिष्ठेचा नमुना म्हणून ऐकली आहे, आणि तशीच पुढच्यांस सांगितली आहे. बापानें स्वतःचें मूल पणास लावलें, परक्याचें नव्हे, हें खरें. घरदार, विमा, बायकोचे दागिने सारें त्या माणसानें यांत घातलें होतें, हेंहि खरें. पण त्या बालकास कोणीं विचारलें नाहीं. सत्यासाठीं सर्वस्व देणाऱ्या राजाची ती कथा. तिच्यांतला मेलेला मुलगा खोटा असावयाचा, आणि तो जवळजवळ खरा होऊन सरणावर निजला. ३ मे १९१३ रोजीं ज्या प्रेक्षकांनीं तें चित्र पाहिलें, त्यांस यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यांनीं बहुधा डोळे पुसले असतील. फाळक्यांचा न्याय करण्याइतके आम्ही मोठे नाहीं. तरीहि ती गोष्ट आम्ही आतां पूर्वीच्या स्वरांत सांगूं शकणार नाहीं.

आमच्या रसशास्त्रानें या कोड्याचें एक उत्तर फार पूर्वीं देऊन ठेवलें आहे. रंगभूमीवरचा शोक पाहून आनंद कां व्हावा, या प्रश्नावर भट्टनायकानें साधारणीकरणाची कल्पना मांडली व अभिनवगुप्तानें ती आपल्या परीनें पुढें नेली. तो शोक माझा नसतो, माझ्या मित्राचा नसतो, शेजारच्या अमक्याचा नसतो. कोणा एकाचा म्हणून उरलेला नसल्यामुळेंच तो आस्वाद घेण्याजोगा होतो. आमच्या त्या 'वा'चा खुलासा येथें मिळतो. पहिल्या क्षणीं ती किंकाळी कोणाचीच नव्हती. दुसऱ्या क्षणीं ती असल्फ्याच्या त्या मुलाची झाली, आणि आमचा आस्वाद जागच्या जागीं थिजला. आवाज तोच, जिना तोच. बदललें तें केवळ आमचें जाणणें. भाचा या मुद्द्यावर चटकन् म्हणाला, "मग वर्गातल्यांना सांगू नका ना! त्यांच्यासाठी ती कुणाचीच नाही." मुलगा चतुर आहे. प्रेक्षकाचें यांत कांहीं बिघडत नाहीं, हें आम्हांस कबूल करावें लागलें. मग बिघडतें कोणाचें? आम्हीं त्यास असें उत्तर दिलें कीं ज्याचें दुखणें आहे त्याच्यापासून तें काढून घेऊन 'कोणाचेंच नाहीं' म्हणून मांडणें, हाच यांतला अन्याय होय. उत्तर देतांना आम्ही स्वतःवर बरेच खूष होतों.

सांगून टाकल्यानें तरी प्रश्न सुटतो कां? त्याचाहि प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. २६ जुलै १९८२ रोजीं बंगळूर येथें 'कुली'च्या चित्रणांत पुनीत इस्सर यांच्याबरोबरच्या मारामारींत अमिताभ बच्चन यांच्या पोटास जबर मार बसला व ते मरणाच्या दारांतून परत आले. त्या दिवसांत देशभर लोकांनीं नवस केले. पुढील वर्षीं चित्रपट आला तेव्हां ती मारामारी जेथें येते तेथें चित्र क्षणभर थांबवून, याच ठिकाणीं दुखापत झाली, अशा अर्थाचीं अक्षरें पडद्यावर दाखविलीं होतीं. नायक मरावा असा मूळचा शेवटहि मनमोहन देसायांनीं बदलून टाकला. प्रामाणिकपणा म्हणावा तर आहे; पण तिकिट काढून लोक तेंच पाहावयास गेले, हेंहि आहेच. आणि तें कोणासाठीं झालें? देशांतल्या सर्वांत मोठ्या नटासाठीं. त्या काळांत अंधेरी-गोरेगांवच्या स्टुडिओंत हाडें मोडून घेणाऱ्या किती जणांसाठीं चित्र थांबलें असेल, याचें उत्तर द्यावयास कोणी नको.

याहून निराळें एक उदाहरण आम्हांस राहून राहून आठवतें. येवल्यास १९१६ सालीं जन्मलेल्या ललिता पवार या मूकपटांच्या काळापासून नायिकेचीं कामें करीत. १९४२ सालीं एका चित्रपटांत मास्टर भगवान यांनीं त्यांस थोबाडींत मारावयाची होती. ती थप्पड खरीच, आणि फार जोरानें बसली. चेहऱ्यास पक्षाघात झाला, सुमारें तीन वर्षें उपचारांत गेलीं, आणि डाव्या डोळ्यांत कायमचें व्यंग राहिलें. नायिका म्हणून त्यांचें आयुष्य तेथेंच संपलें. पण मग त्यांनीं काय केलें? तोच बारीक झालेला डोळा घेऊन त्या पडद्यावर परत आल्या, व पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ खाष्ट सासवांच्या रूपानें घरोघरच्या बायकांस त्यांनीं दचकविलें. १९८७ सालीं दूरदर्शनवरील 'रामायणां'त मंथरा झाल्या तेव्हां तो डोळा साऱ्या देशानें ओळखला. 'अनाडी' (१९५९) मधल्या प्रेमळ मिसेस डिसाच्या डोळ्यांत तोच बारकावा माया होऊन आला आहे. ती जखम दुसऱ्या कोणीं त्यांच्या नांवावर वापरली नाहीं. त्यांनीं आपली आपण वापरली. हें उदाहरण आम्हीं भाच्यास आपल्या बाजूनें सांगितलें. तें कोणाच्या बाजूचें आहे, याबद्दल आतां आमची तितकी खात्री नाहीं.

शेवटीं आमचें वजन पडलें. जागा आम्हीं दिलेली, खर्च आम्हीं केलेला, आणि मुलाच्या आईचा तो प्रश्न आमच्या कानांत होता. चित्र पाय निसटेपर्यंत ठेवावें, पुढें तिसऱ्या खेपेचें सफाईदार पडणें जोडावें, आणि किंकाळी काढून टाकावी, असें ठरलें. पण किंकाळीवांचून तें दृश्य मुकें वाटूं लागलें. तेव्हां मोटरवाल्या मुलीच्या धाकट्या भावास आमच्याच न्हाणीघरांत उभा करून पांच-सहा वेळां ओरडावयास लाविलें व त्यांतली बरीशी आरोळी तेथें बसविली. शेजाऱ्यांनीं दार ठोठावलें तें निराळेंच.

लघुपट दाखविला त्या दिवशीं आम्हांसहि बोलावणें होतें. वर्गांत चाळीसएक मुलें, मागें दोन प्राध्यापक. गल्लींतल्या पाठलागास शिट्ट्या पडल्या. जिन्याच्या दृश्यास कोणी हंसलें. ती आरोळी न्हाणीघरांतली आहे हें कळावयास फार मोठें ज्ञान लागत नव्हतें. प्राध्यापकांनीं अभिप्राय देतांना एवढें एकच ठिकाण कच्चें राहिलें असें सांगितलें. असल्फ्याचा मुलगा आमच्या शेजारींच बसला होता. प्लॅस्टर निघालें होतें, हात अजून बारीक व फिकट दिसत होता. दिवे लागल्यावर तो कांहीं वेळ गप्प होता. मग आमच्याकडे न बघतां म्हणाला, "काका, पडलो मी, आणि ओरडला दुसराच."

आम्हीं त्यास आमचा सारा युक्तिवाद सांगण्याचा प्रयत्न केला. त्याच्या आईचें नांव घेतलें, मान-अपमान सांगितला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें. मोठ्यांचें ऐकून घ्यावयाची त्याला संवय आहे. "पण मी तर ठेव म्हणालो होतो," एवढेंच तो म्हणाला.

भाच्यानें तो मूळचा तुकडा, आम्ही धांवत येतों तेथपर्यंतचा, त्या रात्रीं त्याला फोनवर पाठवून दिला. टेकडीवर त्याच्या पथकांतल्या मुलांनीं तो कितीदां तरी पाहिला, असें भाचा सांगतो. किंकाळीला तीं शिट्ट्या वाजवितात आणि आम्ही धांवतांना दिसलों कीं हंसतात. त्याच्या आईनें तो अजून पाहिलेला नाहीं.